काकाजींच्या नावानं काय करायचं?

वाचकांचे प्रश्न, निवृत्त कार्यालय अधीक्षकांची उत्तरं

(या महिन्यात नागपूरचं एक लांब पत्र आणि त्याच विषयाला लागून आलेली दोन छोटी पत्रं घेतली आहेत. पत्रलेखकांची आणि कॉलेजांची नावं त्यांच्या विनंतीवरून गाळली आहेत.)

प्रश्न

सप्रेम नमस्कार.

नागपुरातल्या एका जुन्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाची मी सचिव आहे. आमच्या संघाचे कोषाध्यक्ष तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेले. सारे त्यांना काकाजीच म्हणायचे, प्राचार्यसुद्धा. १९६८ साली ते आमच्याच कॉलेजातून बी.एस्सी. झाले. उमरेडहून छोट्या रेल्वेगाडीनं इतवारीला यायचं आणि तिथून पायी कॉलेज गाठायचं, असं त्यांचं शिक्षण झालं. पुढं सरकारी नोकरी लागली, नागपुरातच घर झालं, पण कॉलेज काही सुटलं नाही. नोकरीत असताना जमेल तेव्हा आणि निवृत्तीनंतर जवळपास रोज ते ऑफिसबाहेरच्या बाकावर असायचे. स्नेहमेळाव्याची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. परदेशी गेलेल्या कुणाला ट्रान्सक्रिप्ट हवं असलं की महाराजबागेजवळच्या विद्यापीठाच्या इमारतीत हेच रांगेत उभे. एखाद्या मुलाचा परीक्षेचा फॉर्म पैशापायी अडला की ‘काहून रे बाबू, तोंड काहून उतरलं?’ असं विचारायचे आणि खिशातून पाकीट काढायचे.

शोकसभेत आमच्या अध्यक्षांनी अर्धपुतळ्याची कल्पना मांडली. दुसऱ्या एका ज्येष्ठांचं म्हणणं, सभागृहाला नाव द्या. तरुण मंडळींना त्यांच्या नावानं दरवर्षी जीवनगौरव पुरस्कार हवा आहे. ग्रुपवर लोकांनी आकडे टाकले, ते साडेतीन लाखांपर्यंत गेलेत. पुतळा करायचा तर त्यातले निम्म्याहून जास्त त्यातच जातील. काकू म्हणतात, ‘त्यायले असं काही आवडलं नसतं बाप्पा.’ मुलगा पुण्याला असतो, तो म्हणतो, तुम्ही ठरवाल ते. प्राचार्यांना वाटतं की जे करायचं ते लवकर करावं, नॅकच्या, म्हणजे कॉलेजला दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, तपासणीच्या वेळी दाखवता येईल. मलाही भीती वाटते की वर्ष उलटलं की लोक विसरतील.

(त्यांच्या कपाटातून पत्त्यांची चार रजिस्टरं निघाली, ती सध्या माझ्या घरी आहेत. आणि हिवाळी परीक्षेचे फॉर्म सुरू झाले तेव्हा तीन मुलं ऑफिसात येऊन ‘काकाजी कधी येतील?’ असं विचारून गेली, हे मोठ्या बाबूंनी सांगितलं.)

आम्ही काय करावं?

— सचिव, माजी विद्यार्थी संघ, नागपूर

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा मजकूर तुम्ही कंसात लिहिलात. ती तीन मुलं. त्यांना काकाजी गेल्याचं ठाऊक नव्हतं. फॉर्मची तारीख जवळ आली की त्या बाकावर एक माणूस भेटतो, एवढंच त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्या मुलांचे फॉर्म भरले गेले का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. हे उत्तर छापून येईपर्यंत विलंब शुल्काची तारीखही कदाचित गेलेली असेल. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की पुतळ्याची बैठक पुढं ढकला आणि आधी मोठ्या बाबूंना फोन करून त्या तिघांचा ठावठिकाणा घ्या.

एवढं झालं की दुसरं. काकाजींची कामं वाटून घ्या. पत्रावरूनच चार कामं दिसतात: अडलेले फॉर्म, पत्त्यांचं रजिस्टर, विद्यापीठातली कागदपत्रं, स्नेहमेळावा. यातलं प्रत्येक काम एकेका माणसाच्या नावावर करा आणि ती नावं फोन नंबरासह ऑफिसबाहेरच्या फलकावर लावा. फक्त एक काळजी घ्या. काकाजींसारखाच एखादा निवृत्त, सज्जन, नाही म्हणता न येणारा माणूस शोधून सगळं त्याच्या गळ्यात घालू नका. एका माणसानं पन्नास वर्षं प्रेमानं केलेलं काम दुसऱ्याला ओझं होतं, तो दोन-तीन वर्षांत थकतो आणि संघ बंद पडतो. मी नोकरीत असताना असे संघ बंद पडलेले पाहिलेत.

आता, काकाजींनी नेमकं काय काय केलं हे तुम्हाला सगळं माहीत आहे असं समजू नका. अशी माणसं बोलत नाहीत. समितीच्या लोकांना जे माहीत असतं ते समितीपुरतंच. शिपायांना विचारा, ग्रंथालयात पुस्तकं लावणाऱ्यांना विचारा, प्रयोगशाळेच्या परिचरांना, कॅन्टीनवाल्याला, गेटवरच्या चौकीदाराला विचारा. आमच्या कॉलेजात ऑफिसच्या व्हरांड्यात दरवर्षी मार्चअखेर दोन मोठे माठ लागायचे. नागपूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको, उन्हाळी परीक्षेच्या दिवसांत पारा ४५ च्या वर जातो आणि खेड्यातून आलेलं पोरगं त्या व्हरांड्यात तास तास उभं असतं. ते माठ कॉलेजच्या खर्चातून येतात असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. एका वर्षी माठ आले नाहीत. शिपायाला विचारलं तेव्हा कळलं की आमचेच एक जुने विद्यार्थी, इतवारीत दुकान असलेले, दर गुढीपाडव्याला माठ, तिवई आणि वरचं झाकण पाठवायचे, आणि रोज पाणी भरणाऱ्या बाईंना महिन्याचे वेगळे पैसे द्यायचे. ते गृहस्थ त्या हिवाळ्यात गेले होते. आम्ही त्यांची शोकसभा घेतली होती, भाषणं केली होती, आणि एकाही भाषणात माठ नव्हते.

तेव्हा आधी ही माहिती जमवा. एखाद्या तरुण माजी विद्यार्थ्याला मोबाइल घेऊन बसवा, प्रत्येकाचं म्हणणं त्याच्याच बोलीत रेकॉर्ड करू द्या. आठवडाभराचं काम आहे. यातून जे निघेल त्यावरूनच काकाजींच्या नावानं काय करायचं हे तुम्हाला आपोआप दिसेल.

रजिस्टरांबद्दल. ती घरी ठेवू नका. तुमच्यावर अविश्वास म्हणून हे सांगत नाही. घरं बदलतात, पावसाळे येतात, वाळवी लागते. आधी पान न पान स्कॅन करून घ्या आणि मूळ रजिस्टरं ग्रंथपालांकडे पोच घेऊन द्या. पण त्यातले पत्ते आणि नंबर ग्रुपवर टाकू नका, ते लोकांनी काकाजींच्या भरवशावर दिलेले आहेत. अशी रजिस्टरं मी हाताळली आहेत. पेन्सिलनं खोडलेला जुना पत्ता, त्यावर नवा, पाच आकडी फोन नंबराचा सहा आकडी झालेला, मग सात आकडी, मग मोबाइल. लग्नानंतर बदललेलं आडनाव कंसात. आणि गेलेल्या माणसाच्या नावाआधी बारीक अक्षरात ‘कै.’ आणि तारीख. काकाजींच्या रजिस्टरात १९६८ च्या पानावर त्यांचं स्वतःचंही नाव असणार. ती नोंद त्यांच्याच पद्धतीनं पूर्ण करा, आणि पुढच्या नोंदी कोण करणार हेही त्याच दिवशी ठरवा.

एक कोरडं पण तातडीचं काम. ते कोषाध्यक्ष होते, म्हणजे बँकेत त्यांची सही असणार आणि धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी त्यांचं नाव असणार. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे असा बदल झाल्यापासून ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची लेखी नोंद, त्या कार्यालयात द्यावा लागतो. तान्ह्या पोळ्यापासून मोजा, दिवस फार उरलेले नाहीत. विषय पत्रिका काढून सभा घ्या, ठराव लिहा, मृत्यूचा दाखला जोडा. हे राहून गेलं तर उद्या निधीचे पैसे बँकेत पडून राहतील आणि कुणाच्याच सहीनं निघणार नाहीत. पन्नास वर्षं ज्यांनी पै न पैचा हिशेब ठेवला त्यांच्या पश्चात असं व्हायला नको.

आता त्या साडेतीन लाखांकडे येऊ. पैसे कायम निधीत ठेवा आणि फक्त व्याज वापरा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी त्यापुढचं सांगतो, कारण अशा निधींची वही माझ्या टेबलावर होती. लाल कापडी पाठीचं रजिस्टर, प्रत्येक पानावर एक पारितोषिक. त्यातलं एक पान मला पाठ आहे. पन्नासच्या दशकात एका गृहस्थांनी दिवंगत भावाच्या नावानं एक हजार रुपये ठेवले होते: ‘व्याजातून गणितात प्रथम येणाऱ्या विद्यार्थ्यास उपयुक्त ग्रंथ द्यावेत.’ तेव्हा त्या व्याजात दोन-तीन चांगले ग्रंथ यायचे. माझ्या वेळी सहा टक्क्यांनी वर्षाला ६० रुपये मिळायचे. ६० रुपयांत ग्रंथ कसला, वही येते. पत्रात ‘ग्रंथ’ असं स्पष्ट लिहिलेलं, त्यामुळं दुसरं काही देता येईना, देणगीदार हयात नाहीत, वारसांचा पत्ता नाही. शेवटी व्याज नुसतं साचत गेलं आणि त्या भावाचं नाव बक्षीस समारंभात घेणं बंद झालं. कुणाची चूक म्हणावी? देणाऱ्यानं मनापासून दिलं होतं, पण पुढच्या काळासाठी वाट ठेवली नव्हती.

तुम्ही ती वाट ठेवा. साडेतीन लाखांवर सात टक्के धरले तर वर्षाला २४,५०० रुपये होतात. त्यातले २०,००० वापरा आणि ४,५०० दरवर्षी मुद्दलात घाला. शिवाय दर मेळाव्याला निधीत भर घालण्याचं आवाहन करा, नाहीतर महागाई मुद्दल खाऊन टाकते. हेतू रुंद ठेवा: ‘आर्थिक अडचणीमुळे ज्यांचे शिक्षण किंवा परीक्षा अडली आहे अशा विद्यार्थ्यांना मदत’. फॉर्मची पद्धत बदलेल, परीक्षा बदलतील, कदाचित उद्या फीच्या ऐवजी बसचा पास किंवा मोबाइलचा रिचार्ज हीच अडचण असेल. हेतू बदलायची वेळ आलीच तर निर्णय कोण घेईल, हेही कराराच्या कागदावर लिहा: प्राचार्य, संघाचा अध्यक्ष आणि घरातलं एक माणूस. प्रत्येक देणगीदाराकडून ‘ही रक्कम कायम निधीसाठी’ असं लेखी घ्या, त्याशिवाय ऑडिटमध्ये ती कायम निधी धरली जात नाही. आणि देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी (८०जीची) पावती द्यायची असेल तर दोन हजारांच्या वर रोख घेऊ नका, चेक किंवा ऑनलाइनच घ्या.

हेतू रुंद असला की काय होतं याचं उदाहरण आपल्या गावातच आहे. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण १९३० साली गेले. मृत्युपत्रानं त्यांनी नागपूर विद्यापीठाला पस्तीस लाखांच्या घरातली रक्कम दिली, उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी. त्यातून १९४२ साली अमरावती रोडवरची लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी उभी राहिली. एकच एक अभ्यासक्रम त्यांनी बांधून दिला असता तर तो कधीच जुना झाला असता. विषय मोठा धरला म्हणून तेल, रंग, कागद, अन्नप्रक्रिया अशा शाखा पुढच्या लोकांना जोडता आल्या. आज ही संस्था (एलआयटी) स्वतंत्र विद्यापीठ झालीय आणि नाव अजून तेच आहे. रकमांची बरोबरी मी करत नाही. साडेतीन लाखांच्या कागदालाही तितकंच जपून लिहायला हवं, एवढंच म्हणणं.

मदत देताना मुलांना मंचावर बोलावून पाकीट देऊ नका. मोठ्या चेकसोबत फोटो नको. पैसे थेट कॉलेजच्या फी खात्यात भरा, पावती घ्या, नाव फक्त निधीच्या वहीत ठेवा. काकाजींनी कुणाला चारचौघांत पैसे दिले होते का? नसतील, असं मी न भेटताही सांगू शकतो. आणि लांबलचक अर्ज, उत्पन्नाचा दाखला, तीन सह्या असं काही मागू नका. ज्या दिवशी मूल अडतं त्याच दिवशी त्याला पैसे लागतात. सरकारी शिष्यवृत्ती मिळते, पण ती उशिरा खात्यात येते आणि फॉर्मची तारीख तोवर थांबत नाही. याच मधल्या फटीत तुमचे काकाजी उभे होते. तीन हजारांपर्यंतचा निर्णय मोठे बाबू आणि संघाचा एक माणूस मिळून त्याच दिवशी घेऊ शकतील अशी तरतूद करा.

पुतळा, सभागृह, पुरस्कार. पुतळ्याबाबत मी स्पष्टपणे नाही म्हणेन. परवानग्यांचं लांबण आहे, पैसे जातात, आणि पुतळ्याची निगा राखायला पुन्हा एखादा काकाजीच लागतो. काकूंचं म्हणणं तर आहेच. सभागृहाला नाव द्यायला हरकत नाही, पण नावानं आठवण राहते या भरवशावर राहू नका. मॉरिस कॉलेज १८८५ चं. कागदोपत्री आज ती वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था आहे, तरी ऑटोवाल्याला आपण मॉरिस कॉलेज टी-पॉइंटच सांगतो. नाव एवढं टिकलं, पण ते मॉरिस कोण, हे तिथं ऑटोतून उतरणाऱ्या किती जणांना सांगता येईल? जॉन मॉरिस हे मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होते. आणि तुम्हाला लोक विसरतील अशी जी भीती वाटते तिच्यासाठी दुसरं उदाहरण. नागपुरात काम केलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ साली टाकळघाटजवळ नदी ओलांडताना बुडून गेले. त्यांच्या नावाचं कॉलेज सुरू झालं १८८३ साली, २० वर्षांनी. शाळेचं जे काम त्यांनी इथं रुजवलं होतं ते मागच्यांनी चालू ठेवलं, म्हणून पुढं कॉलेज निघालं आणि नाव त्याला लागलं. तेव्हा घाई नको. नॅकसाठीही घाई नको. माजी विद्यार्थ्यांचा सहभाग नॅक बघते हे खरं, पण तिथं निधीची वही, पावत्या आणि सभांची इतिवृत्तं जास्त बोलतात.

जीवनगौरव पुरस्कार मात्र नको. दोन-तीन वर्षं योग्य माणसं मिळतात, मग कुणाला द्यायचा याची शोधाशोध सुरू होते आणि शेवटी तो प्रमुख पाहुण्यांच्या गळ्यात पडतो. तरुण मंडळींना काही करायचंच असेल तर दरवर्षी कॉलेजच्या एका शिक्षकेतर कर्मचाऱ्याचा सत्कार काकाजींच्या नावानं करा. शिपाई, माळी, प्रयोगशाळा परिचर. काकाजींचं उठणं-बसणं त्यांच्यातच होतं, असं तुमच्या पत्रावरून वाटतं.

काकूंविषयी शेवटी लिहितोय, पण त्यांच्याकडे जायचं मात्र सगळ्यात आधी. समितीचे दहा जण घेऊन नका जाऊ, तुम्ही आणि आणखी एक बाई जा. काकाजींनी कॉलेजला जो वेळ दिला तो घरातून काढून दिलेला होता. सुट्या, संध्याकाळी, सणाच्या आदल्या दिवशीचे फोन, उमरेड-भिवापूरकडून अवेळी आलेली मुलं, त्यांच्यासाठी टाकलेला चहा आणि जास्तीच्या पोळ्या. पगारातून गेलेले पैसेही घरातलेच. शोकसभेत हे कुणी बोललं का? नसेल तर त्यांना घरी जाऊन सांगा. निधीला नाव द्यायला त्यांची संमती विचारा, आणि त्या म्हणाल्या की फक्त ‘माजी विद्यार्थी निधी’ असू द्या, तर तसंच करा. त्यांचं मन तयार असेल तर निधीला दोघांची नावं द्या.

स्मरणिका काढणार असाल तर लेख मागवताना एक अट घाला. अजातशत्रू, कर्मयोगी, चालतीबोलती संस्था असली विशेषणं नकोत, प्रत्येकानं एकच घडलेली गोष्ट लिहावी: कोणतं वर्ष, काय अडलं होतं, काकाजींनी काय केलं, पुढं काय झालं. अशा पंचवीस गोष्टी जमल्या की तुमच्या कॉलेजचा पन्नास वर्षांचा इतिहास तयार होईल. कार्यक्रम डिसेंबरात ठेवू नका, अधिवेशनाच्या दिवसांत बाहेरगावच्यांना नागपुरात राहायला खोली मिळत नाही. काकाजींच्या मेळाव्यांची तारीख जानेवारीत असायची का ते रजिस्टरात बघा. मला वाटतं, असणारच.

प्रश्न

१९९४ साली माझी बारावीनंतरची फी एका अनोळखी माणसानं भरली. ते आमच्या कॉलेजचे माजी विद्यार्थी होते. नोकरी लागल्यावर पैसे परत द्यायला गेलो तर घेतले नाहीत. म्हणाले, ‘मले नको देऊ, मांगच्याले दे.’ ते आता गेले. त्यांच्या स्मृतिसभेत बोलावं असं मनात आहे, पण माझ्या मुलांना हे माहीत नाही. आमची परिस्थिती इतकी वाईट होती हे त्यांना चारचौघांत कळावं का, असा प्रश्न पडतो. शिवाय माझ्याबरोबरच्या आणखी दोघांची फी त्यांनी भरली होती. ते दोघं आज मोठ्या पदांवर आहेत आणि गप्प आहेत.

— एक वाचक, काटोल

उत्तर

भाऊ, बोला. मुलांना मात्र आदल्या रात्री घरी बसवून सांगा, सभेत पहिल्यांदा ऐकायला लावू नका. किती फी होती, घरी त्या वर्षी काय झालं होतं, संत्र्याची बाग होती की नव्हती, आजोबा काय म्हणाले, सगळं सांगा. मुलांना बापाच्या गरिबीची लाज वाटेल अशी धास्ती आपल्याला असते. माझा अनुभव वेगळा आहे. ऑफिसात जुने विद्यार्थी मुलांना घेऊन यायचे आणि ‘या खिडकीपाशी मी उभा होतो’ असं दाखवायचे, तेव्हा ती मुलं खिडकीकडे नाही, बापाकडे बघत राहायची.

सभेत तीन-चार मिनिटं पुरे. फीचा आकडा सांगा, पावती जपली असेल तर ती दाखवा. ते तुम्हाला काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत सांगा. त्यांच्या घरच्यांनी ते कदाचित कधी ऐकलेलं नसेल, आणि गेलेल्या माणसाबद्दल काही नवं कळणं यापेक्षा मोठं सांत्वन मी पाहिलेलं नाही.

त्या दोघांचा मात्र उल्लेखही करू नका, ‘आणखी दोघं होते’ असंही नको. कॉलेज छोटं असतं, लोक लगेच अंदाज बांधतात. तुमची गोष्ट तुमची आहे, त्यांची त्यांच्यापाशी. त्यांच्या गप्प राहण्याला कृतघ्नपणा म्हणायची घाई करू नका. एखाद्यानं कुणालाही न सांगता मांगच्याला दिलेलंही असेल. फार तर दोघांना एकेक फोन करा, सभा अमुक दिवशी आहे एवढं सांगा आणि ठेवून द्या.

प्रश्न

माझे वडील त्यांच्या कॉलेजच्या वार्षिकांकाचे अनेक वर्षं संपादक होते. त्यांच्यामागं घरात खूप पुस्तकं, अंक, फोटो, पत्रं आहेत. कॉलेजला सगळं देऊ केलं तर ग्रंथालयानं जागा नाही म्हणून नकार दिला. फार वाईट वाटलं. एवढं केलं त्यांनी कॉलेजसाठी.

— एक वाचक, धंतोली

उत्तर

ताई, वाईट वाटणं साहजिक आहे. पण ‘सगळं घ्या’ असं म्हटलं की कुठलाही ग्रंथपाल नाहीच म्हणतो. जुन्या अभ्यासक्रमाची क्रमिक पुस्तकं आणि सगळीकडे मिळणाऱ्या कादंबऱ्या त्याच्या कपाटात आधीच असतात. तुमच्याकडे त्याच्याकडे नसलेलं बरंच काही आहे. वार्षिकांक, छापून न आलेलं साहित्य, विद्यार्थ्यांची पत्रं, स्नेहसंमेलनाचे फोटो, नाटकांच्या पत्रिका, एवढंच आधी वेगळं करा. त्याची हातानं यादी करा: वर्ष, काय आहे, किती पानं. ती यादी घेऊन प्राचार्यांना भेटा. बहुतेक कॉलेजांकडे स्वतःच्याच वार्षिकांकांचा पूर्ण संच नसतो. मधले अंक गहाळ झालेले असतात, ते तुमच्या घरी निघाले तर तेच तुम्हाला फोन करतील.

फोटोंच्या मागं नावं आत्ताच लिहून काढा, आणि शाईनं नको, मऊ पेन्सिलनं लिहा. वडिलांच्या बरोबरीचं जे कुणी हयात असेल त्यांना घरी बोलवा, फोटो समोर ठेवा, दुसऱ्या रांगेतला डावीकडून तिसरा कोण हे विचारा. यात दिरंगाई करू नका, हे सांगू शकणारी माणसं पंच्याऐंशी-नव्वदीची आहेत. अंकांना रबर बँड आणि स्टेपलच्या पिना असतील तर काढून टाका, पिना गंजतात आणि कागद खातात. डांबराच्या गोळ्या कागदाला लावून ठेवू नका. उरलेली पुस्तकं तालुक्याच्या वाचनालयाला विचारून द्या. पार्सल पाठवण्याआधी त्यांचं हो असं पत्र मागवा.